पूर्ण शिक्षा

त्या दिवसांत माझी एकही पूजा धड झाली नाही. निरांजन लावायची, हात जोडायचे आणि मन तापीच्या घाटावर जाऊन बसायचं. एकदा तर उदबत्ती न पेटवताच ओवाळली. यजमान दारातून बघत होते. म्हणाले, "देवीनं आज वासाशिवाय चालवून घेतलं वाटतं." एरवी मी हसले असते, किंवा त्यांना दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी ती तशीच खोचून उठले.

कारण सांगते. शाळेतून निवृत्त झाल्यावर मला अठरा वर्षांखालच्या मुलांचे गुन्हे पाहणाऱ्या मंडळावर सदस्य म्हणून घेतलं. आम्ही तिघं बसतो: एक न्यायाधीश, एक गृहस्थ आणि मी. बहुतेक वेळा मोबाईलच्या चोऱ्या, शाळेबाहेरच्या मारामाऱ्या, घरातून पळून गेलेली पोरं. मुलांना समज द्यायची, आईबापांना त्याहून जास्त द्यायची, असं चाललेलं असतं. जन्मभर मास्तरकी केलेली असल्यामुळे मला ते जड गेलं नाही. हे प्रकरण मात्र छातीवर बसलं.

नाशिककडचं एक साठीतलं जोडपं आमचं बुऱ्हाणपूर बघायला आलं होतं. दिवसभर किल्ला, हमाम वगैरे पाहून दिवस कलताना ते घाटावर उतरले. काकू रिक्षा थांबवून ठेवायला वर गेल्या. काका पाण्याजवळ फोटो काढत होते. एका मुलानं त्यांचा फोन मागितला. त्यांनी दिला नाही, तेव्हा त्यानं हातातली लोखंडी सळई त्यांच्या तोंडावर मारली आणि फोन घेऊन पळाला. काकांचा डावा डोळा कायमचा गेला. मुलगा सोळा वर्षं आणि चार महिन्यांचा. केळीच्या पट्ट्यातल्या एका गावचा, एवढंच लिहिते. कायदा त्याचं नाव लिहू देत नाही, आणि मलाही लिहायचं नाही.

आता आमच्यापुढचा प्रश्न असा होता. त्याला मूल समजून आमच्याकडे ठेवलं, तर जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृह. मोठा समजून वरच्या न्यायालयात पाठवलं, तर मोठ्या माणसासारखा खटला आणि पुढे कितीतरी वर्षांचा तुरुंग. आमच्यातले गृहस्थ म्हणत होते, पाठवा. न्यायाधीश साहेबांचा कल ठेवण्याकडे होता. म्हणजे माझं मत जिकडे पडेल तिकडे तो मुलगा जाणार होता.

शहरही तापलं होतं. इथल्या लालबागेतल्या आमच्या नेहमीच्या रिक्षावाल्यानं मी मंडळावर असल्याचं माहीत असून मला बजावलं, "बाई, सोळा सालचा बच्चा म्हनता त्याले? आमच्या पेटावर लात मारली त्यानं. आता टूरिस्ट कशाले येतीन इकडे? बड्या जेलमदीच टाका." खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. डॉक्टरांचा कागद वाचला की वाटे, याला कसली दया. आणि मुलगा समोर येऊन बसला, की त्याच्या मानेवरचा कोवळ्या केसांचा पट्टा दिसे आणि मोठ्या तुरुंगात याचं काय होईल असा विचार येई. दिवसातून दहा वेळा माझा निर्णय बदलत होता. मुलगा तर तोंडच उघडत नव्हता. तीन तारखांना तो फक्त जमिनीकडे बघत बसला. त्याच्या मामानं पढवलं होतं, तू लहान आहेस, तुला काही होत नाही, एक शब्द बोलू नको.

शेवटी मी इच्छापूरला गेले. इच्छादेवी आमच्या माहेरची. वडील जळगावकडून नेपानगरच्या कागदाच्या गिरणीत कामाला आले तेव्हापासून आमचं प्रत्येक कार्य तिच्या पायऱ्या चढूनच झालेलं. गुडघे धरत वर गेले आणि स्पष्ट सांगितलं, आई, हे माझ्या डोक्यावरून काढ, नाहीतर काय करू ते तरी सांग. बराच वेळ बसले. फूल पडलं नाही, काही नाही. तिच्यावर रुसूनच खाली उतरले.

पुढच्या तारखेला नाशिकहून काकूंचं पत्र आलेलं होतं. पत्र मराठीत होतं आणि आमचे साहेब बुंदेलखंडाकडचे, त्यांना मराठी येत नाही. म्हणून न्यायालयाच्या फाटकाबाहेर बसणाऱ्या एका टायपिस्टाकडून त्याचं हिंदी करून घेतलेलं होतं. साहेबांनी ते मुलासमोरच मोठ्यानं वाचलं. शेवटचं वाक्य असं होतं: "उसे पूरी शिक्षा मिले, उम्र देखकर उसमें कोई कटौती न की जाए."

ते वाक्य संपलं आणि मुलगा पुढे वाकून रडायला लागला. चार तारखांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून शब्द फुटले. मारून तो पळाला, पण लांब गेला नव्हता. वर बुरुजाआड उभा राहून बघत होता. काका पायरीवर पडले होते. रक्तानं भरलेल्या डोळ्यांनी त्यांना वर कोणीतरी उभं दिसलं असावं, त्यांनी मदतीसाठी हात केला. "मलेच हात केला त्याहीनं," तो म्हणाला. "दोन बार केला. मी गेलो नाही." हे पोलिसांच्या कागदात कुठेच नव्हतं.

साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. आमच्याकडे वळून हळूच म्हणाले, "कितने बड़े दिल के लोग हैं. आँख गई, और चाहते हैं कि लड़का पढ़े." माझ्या अंगावर काटा आला. वाटलं, इच्छापूरच्या आईनं उत्तर दिलं. ज्याचं गेलं तोच या पोराला शिकवा म्हणतो, मग मी कोण अडवणारी? कित्येक दिवसांनी मोकळा श्वास घेतला. मग मास्तरकीची सवय नडली. मूळ कागद पाहिल्याशिवाय मला राहवत नाही. फाईलचं पान उलटलं. काकूंच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, "त्याला पूर्ण शिक्षा मिळावी, वय बघून त्यात काटछाट करू नये."

टायपिस्टानं 'शिक्षा' हा शब्द उचलून तसाच हिंदीत ठेवला होता. मराठीतली शिक्षा म्हणजे सजा, हिंदीतली शिक्षा म्हणजे शिक्षण. आम्हा सीमेवरच्या लोकांचा हा जुना घोळ. लहानपणी मी स्वतः 'शिक्षा विभाग' अशी पाटी बघून त्या दारासमोरून पळत जात असे. आता त्याच शब्दावर एका मुलाचं आयुष्य येऊन थांबलं होतं, आणि त्या खोलीत हे फक्त मला माहीत होतं.

फाईल बंद केली आणि घरी आले. पुढचे चार दिवस कसे काढले ते माझं मलाच ठाऊक. चूक सांगितली तर मुलगा पुन्हा मिटणार, साहेबांचं मन फिरणार. नाही सांगितली तर जिच्या नवऱ्याचा डोळा गेला तिच्या तोंडी मी तिनं न बोललेली क्षमा घालणार. यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "देवीनं दिलं ते घे की मुकाट्यानं. साहेबाले सांगायची काय गरज?"

"देवी काय टायपिस्टाच्या हातानं चुका करते?"

"आपल्या लग्नाची पत्रिका पण चुकीची छापली होती. संसार झालाच ना?"

मला हसू आलं आणि त्याच्यामागोमाग रडूही. मी ज्याला कौल समजत होते तो मला सोयीचा होता, एवढंच त्याचं मोल होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी निरांजन लावून देवीला म्हटलं, मी खरं सांगते आहे, पुढचं तू बघ. आणि जाऊन साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, ज्यांच्याबाबत चूक झाली त्या सगळ्यांना ती कळली पाहिजे, मुलालासुद्धा, आणि मराठी तुम्हाला येतं, तेव्हा तुम्हीच सांगा.

पुढच्या तारखेला काका-काकू आले. काकांच्या डोळ्यावर पट्टी होती, काकूंनी त्यांचा दंड घट्ट धरलेला. मी काकूंना सगळं सांगितलं. त्या थंडपणे म्हणाल्या, "मी शिक्षाच लिहिली होती, बाई. यांना अजून पायरीचा अंदाज येत नाही. मी शिक्षण कशाला लिहीन?"

मग मुलाकडे वळले. म्हटलं, "बाळा, त्या दिवशी साहेबांनी वाचलं त्याचा अर्थ वेगळा होता. काकूंनी तुला शिकवा असं लिहिलेलं नाही. सजा द्या, असं लिहिलंय."

त्यानं वर पाहिलं. म्हणाला, "माले मालूम हाये, बाई. आमच्या घरात शिक्षा म्हंजे सजाच. साहेबांनी वाचलं तवा मी सजाच समजलो."

"मग रडलास कशाला?"

"सगळे म्हनत व्हते, तू लहान हाये, सुटशीन. मामा म्हने, वकील म्हने. या काकूंनीच पयले लिहिलं का पुरी शिक्षा द्या. माले वाटलं, यायले समजलं मी काय केलं ते." मग तो म्हणाला, "मारलं त्याची कलम हाये कागदात. काकांनी हात केला अन् मी गेलो नाही, त्याची कलम कुठीच नाही."

काकांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "वर उभा होता तो तू होतास?" त्यांनी विचारलं. मुलगा हो म्हणाला. "मला वाटत होतं मला भास झाला," काका म्हणाले. "इतके दिवस मी कोणाला सांगितलं नाही."

काकू रडत नव्हत्या. साहेबांना म्हणाल्या, "माझं पत्र आहे तसंच ठेवा, एक शब्द बदलू नका. पण यानं आत्ता सांगितलं ते लिहून घ्या." ते मी माझ्या हातानं लिहिलं, आधी मराठीत, मग हिंदीत.

माझं मत मी मुलाला आमच्याकडे ठेवण्याच्या बाजूनं दिलं. तीन वर्षं सुधारगृह. जो मुलगा कायद्यात नसलेल्या गुन्ह्याची शिक्षा मागतो, त्याला मोठ्या तुरुंगात पाठवलं तर तिथे त्याला पुन्हा तोंड बंद ठेवायलाच शिकवतील, अशी मला भीती वाटली. तीन वर्षं त्या डोळ्याला पुरेशी आहेत का? नाहीत. तीस तरी पुरली असती का, तेही मला सांगता येणार नाही. गावात अनेकांनी माझ्याशी बोलणं कमी केलं आहे. काकूंनीही जाताना सांगितलं, "मला हे पटलेलं नाही." मग पर्समधून एक कागद काढून त्यावर पत्ता लिहिला. "तो सुटेल तेव्हा मला कळवा. कशासाठी, ते आत्ता विचारू नका."

मी देवीकडे मागितलं होतं की हे माझ्या डोक्यावरून काढ. तिनं काढलं नाही. निर्णय मलाच घ्यायला लावला, फक्त त्याआधी माझ्या हातून खोटं होऊ दिलं नाही, आणि मी खरं बोलल्यावर काय होईल ही काळजी माझी नव्हती हे दाखवून दिलं. याला कोणी योगायोग म्हणेल, म्हणू दे. माझी भीती गेलेली नाही. भीतीसकट हात जोडता येतात, हे मात्र मला या वयात कळलं, आणि त्याबद्दल मी तिची ऋणी आहे. काकूंचा तो कागद देवघरात तिच्या तसबिरीखाली ठेवला आहे. आता मी तिला काय करू असं विचारत नाही. तो सुटेल त्या दिवसापर्यंत काका, काकू, तो पोरगा आणि मी, आम्हा चौघांना सांभाळून ठेव, एवढंच म्हणते.