भावजींची परीक्षा

माझा पहिला विद्यार्थी म्हणजे माझा दीर, आणि त्याला मी अहोजाहो करत असे. तो दहा वर्षांचा, मी सोळा वर्षांची. आमच्या चौलात तेव्हा रीतच तशी होती. दीर लंगोटीतला का असेना, त्याला भावजी म्हणायचं, नावानं हाक मारायची नाही, अरेतुरे तर मुळीच नाही. तो मात्र मला खुशाल ‘वहिनी, तू’ म्हणे. आता ज्याला ‘अहो’ म्हणायचं त्याचा कान कसा पिळायचा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शिकवणं माझ्या गळ्यात आलं ते माझ्या वडिलांमुळे. ते पेणला मराठी शाळेत मास्तर होते, म्हणून माझी मराठी सहावी झालेली. सासरी नारळी-पोफळीची वाडी. शिंपणं, सोलणं, वाळवणं यातून पुस्तकाकडे बघायला सवड कुणाला? सासरे मुंबईला गोदीत नोकरीला असताना वारले होते, आणि माझा नवराही मुंबईलाच, एका छापखान्यात. घरात आम्ही तिघंच: सासूबाई, मी आणि भावजी.

भावजींची मराठी चौथी होत आली तशी सासूबाईंनी ठरवलं, की याला अलिबागच्या इंग्रजी शाळेत घालायचा. तिथे जागा थोड्या आणि मुलं फार. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर परीक्षा घेत, निवडक मुलं ठेवत आणि बाकीच्यांना घरी पाठवत. शिमगा झाल्यावर एके दुपारी सासूबाई सुपारी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “सूनबाय, ह्याला तू तयार कर. हा अलिबागला लागला का तू मुंबईला जा. पोर घरात हाय तवर वाडी आनि पोर मला एकटीला जमायचं न्हाय.”

मला मुंबईला जायचं होतं. आता या वयात सांगायला लाज कसली, मला नवऱ्याजवळ राहायचं होतं. तो दिवाळीला आणि शिमग्याला येई. चार दिवसांतले दोन आम्हा दोघांची भीड चेपण्यात जात, तिसऱ्या दिवशी कुठे दोन शब्द बोलायला लागावं तर चौथ्या दिवशी ट्रंक भरायची. त्यानं परळला एक खोलीही बघून ठेवली होती. आणि माझं सगळं सुख अडकलं होतं ते अशा एका मुलात, जो पोफळीवर सरसर चढे आणि पावकीच्या पाढ्यात तिसऱ्या पायरीवरून धपकन खाली येई.

रोज दुपारी जेवणं आटपली की पडवीत आमची शाळा भरे. पाटी, पुस्तक आणि माझा राग, एवढंच सामान. पहिल्याच आठवड्यात माझा तोल सुटला. “अरे गाढवा,” म्हणाले, “हातचा एक गेला कुठे?” आतून सासूबाईंचा आवाज आला, “सूनबाय, दिराला अरेतुरे करतात व्हय? हीच रीत शिकवली का पेणला?” भावजी पाटीआड तोंड लपवून हसत होते.

मग मी रीत सांभाळून बोलायला शिकले. “भावजी, आपल्या डोक्यात आज देवानं काथ्या भरलाय का?” “भावजी, आपण बसला आहात की पाट्यावरचा वरवंटा ठेवलाय, हे जरा हलून दाखवता का?” यात मान कुठे कमी नव्हता. त्यामुळे आतून काही येत नसे. फार तर सासूबाईंना खोकला येई, आणि तो खोकला नव्हता हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं. भावजीही काही कमी नव्हते. शिक्षेची वेळ आली की म्हणत, “वहिनी, वडीलधाऱ्या माणसाला उठाबशा काढायला सांगतात का?”

मुलगा मठ्ठ नव्हता. त्याची खोड वेगळीच होती. गणितातली माणसं त्याला खरी वाटत. एका व्यापाऱ्यानं शंभर नारळ घेतले, त्यातले दहा नासके निघाले, असं मी सुरू केलं की हा म्हणे, “घेताना हलवून बघितले न्हाय त्यानं? पाणी वाजतंय का ते ऐकायचं असतं.” मी म्हणे, त्या व्यापाऱ्याला कान नव्हते असं समजा. त्यावर हा त्या बहिऱ्याची चौकशी सुरू करी. शुद्धलेखनात तो ‘न्हाय’ लिही. मी खोडून ‘नाही’ करून दिलं की म्हणे, “तू पन तर आता न्हायच बोलतेस.” खरं होतं ते. दोन वर्षांत माझं पेण पार धुऊन निघालं होतं.

तोंडी परीक्षेची मला जास्त धास्ती. तिथे हेडमास्तर स्वतः समोर उभं करून विचारत, असं ऐकलं होतं. आमचे भावजी घरात वाघ, आणि परका माणूस ओटीवर आला की माजघरात पळायचे. म्हणून मी एक युक्ती काढली. सासऱ्यांचा काळा कोट खुंटीवर टांगलेला असे. तो लुगड्यावरून चढवला, त्यांचीच टोपी घातली, पाटावर पाट ठेवून खुर्ची केली आणि बसले. बसल्यावर लक्षात आलं, की मी आता वहिनी नाही. हेडमास्तरांना कसले आले भावजी?

“अरे, इकडे ये,” मी गरजले. “सरळ उभा राहा. नाक पूस. तुला निमकीचा पाढा येतो की नुसतं खायला येतं?” एकदा सुरू झाले ते थांबवेना. दोन महिने साठलेलं सगळं ‘अरे’ आणि सगळं ‘तू’ मी त्या दुपारी काढून घेतलं. भावजी आधी बावरले, मग त्यांनाही चेव आला आणि ते खणखणीत उत्तरं देऊ लागले. आम्ही दोघं अशी रंगलो असताना मी मान वळवली, तर दारात सासूबाई.

मी कोटासकट ताडकन उठले. नवऱ्याचा कोट सुनेच्या अंगावर बघून त्यांना काय वाटलं असेल, कोण जाणे. त्या बराच वेळ कोटाकडेच बघत होत्या. मग ओले हात पदराला पुसून उंबऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “बसा मास्तर. पोरगा पावकीत कच्चा हाय, ती इचारा.” त्या दिवसापासून परीक्षा होईपर्यंत रोज दुपारी हेडमास्तर येऊ लागले, आणि सासूबाई उंबऱ्यावर येऊन बसू लागल्या. भावजी अडखळले की त्यांच्या हाताची मूठ वळे. इतकी काळजी या बाईला इंग्रजी शाळेची का, असं मला वाटे. मी मनात म्हणे, लेकाला साहेब करायची हौस, दुसरं काय.

परीक्षा चार दिवसांवर आली असताना भावजी वाडीत पाटाच्या कडेला पाण्यात पाय सोडून बसले होते. मी शिंपणं करत होते. ते म्हणाले, “वहिनी, मी पास झालो का तू जाशील?”

“जाईन की.”

“मी अलिबागला, तू मुंबईला. मग आईजवळ कोन?”

माझ्या हातातली पाणी शिंपायची पोय तशीच राहिली. इतके दिवस मी माझी खोली मनात सजवत होते, तिथे फळी कुठे, चूल कुठे, हे सगळं ठरलं होतं. हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मी म्हणाले, “भावजी, आपण गणिताचं बघा. घराचं मोठी माणसं बघतील.” पण त्या दिवशी मला त्यांच्यावर ओरडवलं नाही.

परीक्षेला त्यांना काका घेऊन गेले. काका म्हणजे सासऱ्यांचे धाकटे भाऊ, शेजारीच राहत. त्यांच्याकडे बैलगाडी होती. फार कमी बोलणारा, भला माणूस. पहाटे सासूबाईंनी भावजींच्या हातावर दही घातलं आणि गाडी नागावच्या वाटेला लागेपर्यंत बांधावर उभ्या राहिल्या. दिवसभर आम्हा दोघींच्या हातून एक काम धड झालं नाही. संध्याकाळी भावजी गाडीतून उडी टाकून आले ते थेट माझ्याकडे. म्हणाले, “वहिनी, हेडमास्तर तुझ्यापेक्षा लई गरीब हायत गो. मला बाळ म्हनाले.”

आठ-दहा दिवसांनी काका अलिबागला व्यापाऱ्याकडे सुपारी घालायला गेले होते, ते बातमी घेऊन आले. भावजींचं नाव निवडलेल्या मुलांत लागलं होतं. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि पहिली चिमूट मला दिली, मुलाला नंतर. मी न्हाणीत जाऊन रडले. आनंदानंच रडले, पण तेवढंच कारण नव्हतं.

भावजी अलिबागला शाळेजवळ राहायला गेले. मला मात्र लगेच निघता आलं नाही, कारण रेवदंड्याची मुंबईची बोट पावसाळ्यात बंद असे. नारळी पौर्णिमेनंतर ती सुरू व्हायची. ते दोन महिने आम्ही दोघीच होतो. पाऊस धो धो, वाडीत चिखल, आणि घरात एकही मूल नाही. दुपारी जेवणं झाली की सासूबाई सवयीनं उंबऱ्यावर येऊन बसत. मी समोर वाती वळत बसे. तिथे बसल्या बसल्या मला ही बाई आवडायला लागली, आणि मग पौर्णिमा जसजशी जवळ आली तसतसं माझं मन मागे ओढायला लागलं.

निघायच्या दिवशी काकांच्याच गाडीतून आम्ही रेवदंड्याला बंदरावर आलो. बोट खाडीच्या तोंडाशी उभी होती. तिच्यापर्यंत होडीनं जायचं, आणि होडीवाला घाई करत होता. माझी ट्रंक होडीत गेली. मी सासूबाईंकडे वळले आणि म्हणून टाकलं, “मी दिवाळीपर्यंत राहते. तुम्हाला एकटीला टाकून मला जाववत नाही. ते येतील दिवाळीला, तेव्हा बघू.”

सासूबाई इतक्या संतापलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. “दिवाळीला म्हनशील होळीला जाते,” त्या म्हणाल्या. “होळीला पोटात पोर आसंल. मग वाडी, मग म्हातारी आजारी. मला म्हाईत हाय ते सगलं. मी पन ह्याच घरात सून होते. माझ्या सासूनं मला हेच सांगितलं होतं, दीर अलिबागला लागला का तू मुंबईला जा.”

“मग?”

“माझं भावजी तीनदा नापास झालं.”

काका बैलांपाशी उभे होते. त्यांनी मान खाली घातली आणि जू सैल झालंय का ते बघू लागले.

“त्यांचा काय दोस,” सासूबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. “शिकवनारं कोन होतं? मला अक्षर येत न्हवतं. मी मुंबई एकदाच बघितली. तुझं सासरं गेलं त्याची तार आली तवा. ते राहत व्हते ती खोली बघितली, कोट घेतला आनि परत आले.” मग त्यांनी माझ्या दंडाला धरून मला पाण्याकडे वळवलं. “चल, बस. भरती उतरंल.”

मला त्यांच्या गळ्यात पडायचं होतं. पण सासूच्या गळ्यात पडायची आमच्याकडे पद्धत नव्हती. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि होडीवाल्यानं दोनदा हाक मारली तरी उठले नाही.