तात्यांचा न मोडलेला पाय

आमच्या तात्यांचा पाय मोडलेला नव्हता. तरी एका रविवारी निम्मं निरवांगी गाव त्याला भेटून गेलं.

दोष माझाच. आमच्या शाळेतल्या एका शिक्षकानं प्रथमोपचार शिकायचं ठरलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कोर्स बारामतीच्या मिशन दवाखान्याचा. धडे घरी मोबाइलवर, प्रात्यक्षिक परीक्षा मात्र तिथल्या सिस्टरांसमोर. मोडलेल्या पायाला आधार बांधायचा धडा आला, तेव्हा घरात रिकामा पाय एकच होता, माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे तात्यांचा. टोमॅटोच्या जुन्या खोक्याच्या दोन फळ्या आणि माझ्या ओढण्या घेऊन मी बसले.

"घट्ट बांध," तात्या म्हणाले. "परीक्षा हाय तुझी."

मी बांधलं. (घट्ट बांधणं मला जमतं. मी वेणी घातली की लेकीच्या डोळ्यांत पाणी येतं.)

तेवढ्यात शेजारच्या शेवंताकाकू विरजण मागायला आल्या. पाय बघून "आगं बया" म्हणाल्या आणि वाटी तिथंच ठेवून पळाल्या. मी चप्पल शोधेपर्यंत बातमी चौकात पोचली होती.

आमच्याकडे दुखणेकऱ्याला कुणी रिकाम्या हातानं भेटत नाही. दुपारपर्यंत घरात केळ्यांचं दुकान झालं! प्रत्येकजण स्वतःच्या मोडलेल्या हाडाची गोष्ट सांगून जायचा. मी खरं सांगायला तोंड उघडलं की तात्या जोरात कण्हायचे.

"तात्या, सोडते आता," मी हळूच म्हणाले.

"थांब जरा." त्यांची नजर दाराकडे होती. "आबा येतोय का बघू."

आबा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, पलीकडच्या वस्तीवर राहणारे. सामाईक विहिरीच्या पाण्यावरून दोघांचं बोलणं तुटलं, ते इतकं जुनं झालंय की माझ्या लेकीला हे आजोबा फक्त पाठीकडून माहीत आहेत. आम्ही घरात त्यावर हसायचो. त्या दिवशी तात्यांना दाराकडे बघताना पाहून मला हसू आलं नाही. मी गाठीवरचा हात काढून घेतला.

ऊन कलल्यावर आबा आले. हातात दोन डाळिंबं. उंबऱ्यातच थांबले.

"लय दुखतंय का?"

"व्हय," तात्या म्हणाले. आता ते खरंच कळवळत होते.

आबांनी पायाकडे बघितलं. "सूनबाई, बोटं निळी पडल्यात की."

बांधल्यावर बोटांचा रंग बघत राहायचा, हे धड्यात अगदी शेवटी सांगितलेलं. मी धडा शेवटपर्यंत ऐकलाच नव्हता.

सोडावं तर खोटं उघडं पडून आबा निघून जाणार. न सोडावं तर पायाचं काही खरं नाही. मी सोडायला घेतलं. गाठ सुटेना. शेवटी आबांनीच वाकून दातांनी सोडवली. फळ्या खाली पडल्या आणि आतून धडधाकट पाय निघाला.

"मोडला न्हाय?"

"न्हाय."

"मग बोलावलंस कशाला?"

"मी कुठं बोलावलं? तूच आलास."

आबांनी डाळिंबं उशाशी ठेवली. मग खाटेवर बसले, तात्यांचा पाय मांडीवर घेतला आणि चोळू लागले.

"मुंग्या आल्यात?"

"आल्यात."

मी चहा टाकायला आत गेले. तिथं उभी राहिले असते तर रडले असते.

परीक्षेत सिस्टरांनी माझ्या पट्टीखाली बोट घालून बघितलं. गेलं नाही. "याच हातानं घरी सराव केलात?" त्यांनी काळजीनं विचारलं आणि मला पुन्हा यायला सांगितलं.

तात्या मात्र येईल त्याला कौतुकानं सांगतात, "आमची सून पाय झकास बांधती. सोडवायला तेवढा भाऊ लागतो."