लाल ठिपक्याचे पेले

पाळकसाहेबांनी प्याला माझ्या ओठांपर्यंत आणला आणि परत नेला.

मी वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकून बसले होते. पंधरा वर्षांची. आईनं जुन्या बाजारातून आणलेली पांढरी साडी नेसून. माझं पहिलं प्रभुभोजन. ख्रिस्ताचं शरीर म्हणून भाकरीचा तुकडा मिळाला होता, तो तोंडात होता. आता त्याचं रक्त म्हणून द्राक्षारसाचा प्याला. तेवढ्यात शेजारच्या बाई माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, तुमच्या लोकांचं मागाहून असतं. कुणी शिकवलं नाही का?"

त्या पंचबाई. पंच म्हणजे मंडळीचा, देवळाच्या सभासदांचा, कारभार बघणारे, आणि त्यातल्या मुख्य पंचांची ही बायको. पाळकसाहेब थबकले. प्याला माझ्या डोक्यावरून त्यांच्याकडे गेला. त्या प्यायल्या. पाळकसाहेबांनी मला डोळ्यांनी खूण केली. ऊठ.

मी उठले. तोंडात भाकर तशीच, कोरडी. अख्ख्या देवळानं पाहिलं.  शेवटच्या बाकावर माझी आई मान खाली घालून बसली होती.

हे पुण्यातल्या ख्रिस्ती देवळात घडलं. आमच्यात जात नसते, असं सांगत फिरणाऱ्यांच्या देवळात.

आम्ही नगरकडचे. आजोबांनी महारवाड्यात बाप्तिस्मा घेतला. गावात प्रभुभोजनाला एकच पितळी पेला असायचा, कुणाच्या तरी घरचा, घासून लख्ख केलेला. म्हातारे, पोरं, खोकणारे, सगळे त्यातूनच प्यायचे. मला धर्म कळला तो तिथं. मग दुष्काळात गाव सुटलं. वडील मार्केट यार्डात हमाल झाले. आई देवळाची झाडलोट करायला लागली. गुलटेकडीच्या वस्तीतून रोज चालत जायची.

पुण्याच्या मंडळीत पुढच्या बाकांवर जुनी घराणी बसत. त्यांचे पणजोबा ब्राह्मण होते म्हणे. त्या पणजोबांनी धर्म सोडला, घरदार सोडलं, सोवळं मात्र नीट बांधून बरोबर आणलं. त्यांच्यानंतर आम्ही प्यायचं. आमच्यानंतर त्यांनी प्यायचं नाही. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. लिहायची गरजच नव्हती.

बाहेरची तऱ्हा वेगळी. शाळेत बाई हसून विचारायच्या, "काय गं, दूध पावडरचे ख्रिस्ती ना तुम्ही?" म्हणजे मिशनच्या दूध पावडरसाठी धर्म बदललेले. सवलत मागायला गेलो तर सरकार म्हणायचं, तुम्ही ख्रिस्ती, तुम्हाला जात नाही. म्हणजे जिथं जातीचा काही उपयोग झाला असता तिथं ती नव्हती. आणि जिथं ती असायलाच नको होती, तिथं ती आमच्या आधी जाऊन बसलेली.

मी पंधराची होते त्याच वर्षी वडील पोतं घेऊन ट्रकच्या फळीवरून पडले. कमरेतून गेले. दोन पावसाळे अंथरुणावर काढले. पाठीला जखमा झाल्या. झोपडीभर वास. आई त्या जखमा धुवायची आणि भजनं म्हणायची. मला संताप यायचा. एकदा मी ओरडले, "कुणासाठी गातेस? ऐकतंय कोण?"

"त्यांच्यासाठी गाते. आन् माझ्यासाठी. गायलं न्हाई तर हात चालत न्हाईत," ती म्हणाली.

पाळकसाहेब एकदा आले. दारात उभे राहून प्रार्थना केली. आत आले नाहीत. चहा ठेवला होता, तो घेतला नाही. जाताना म्हणाले, "सोसा. दुःखानं विश्वास शुद्ध होतो." अजून ते वाक्य आठवलं की माझ्या कानशिलातून आग निघते. ज्याला शुद्ध व्हायची गरज होती तो बाहेर चप्पल घालून उभा होता. आत पडलेल्या माणसाची पाठ सडत होती.

वडील गेले. मला देव नको झाला होता. पण वडिलांजवळ बसून बसून मी बायबलातलं शुभवर्तमान वाचलं होतं, कुणी अर्थ न सांगता. त्यात ती शोमरोनी बाई. तिच्या जमातीला यहुदी शिवून घेत नसत. विहिरीवर येशू, स्वतः यहुदी, तिच्याकडे पाणी मागतो. त्याच्याजवळ स्वतःचं भांडं नाही. म्हणजे तो कशातून पिणार होता? तिच्याच भांड्यातून. तिच्या हातच्या, तिच्या उष्ट्या. हे मला देवळात कुणी सांगितलं नव्हतं. दर वर्षी ह्या गोष्टीवर उपदेश व्हायचा, आणि त्या भांड्याचं नाव कुणी काढायचं नाही. ते वाचताना मला कळलं, माझं भांडण कुणाशी आहे. ख्रिस्ताशी नाही. तो माझ्या बाजूला बसलेला आहे. भांडण ह्यांच्याशी.

मग मंडळीनं छोटे काचेचे पेले आणले. प्रत्येकाला वेगळा. सूचनांमध्ये वाचून दाखवलं, "आरोग्याच्या दृष्टीनं." आई हरखली. म्हणाली, "आता कुनी पुढं न्हाई, कुनी मागं न्हाई." महिन्यातून एकदा प्रभुभोजन व्हायचं, आणि ते सगळे पेले धुवायचं काम आईकडे आलं. जिच्यानंतर ओठ लावायची किळस, तिनं धुतलेलं चालत होतं. चालणारच. आमच्या हातचं धुणं पिढ्यान्‌पिढ्या चालतंच.

आईला एकदा ताप आला. पेले धुवायला मी गेले. तेव्हा अठरा वर्षांची होते. पेला उलटा केला तर बुडाला लाल ठिपका. नेलपॉलिशचा. दुसऱ्याला नाही. तिसऱ्याला आहे. मी बघत राहिले. पंचबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ठिपक्याचे वेगळ्या ट्रेमध्ये हं. आणि बिनठिपक्याचे दोन पाण्यातून काढ."

"ठिपक्याचे कुणाचे?"

"मागच्यांचे. आता उगाच मनाला लावून घेऊ नकोस. सोय असते ती."

सोय. पुण्यात अपमानसुद्धा इतका शुद्ध बोलून करतात की ऐकणाऱ्याला वाटावं आपणच आभार मानायचं विसरलो.

घरी येऊन मी आईला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"म्हाईत व्हतं." ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. "देवाच्या घरात भांडान नको."

त्या रात्री मला पंचबाईंपेक्षा आईचा राग जास्त आला.

पुढच्या प्रभुभोजनापर्यंत आई अंथरुणावरच होती. आदल्या दिवशी मी ब्लेड घेऊन गेले. एकेक ठिपका खरवडला. सगळे पेले एकत्र केले, धुतले, हाताला येतील तसे ट्रेमध्ये मांडले. रविवारी पुढचे प्यायले. मागचे प्यायले. मीही प्यायले. मग पंचांनी सूचना वाचल्या. त्या संपल्यावर मी उभी राहिले.  मोठ्यानं म्हणाले,

"मागच्या बाकांच्या पेल्यांना लाल ठिपके होते. मी ते काढलेत. सगळे पेले एकत्र केलेत. आज कोण कुणाच्या पेल्यातून प्यालं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही."

 पंचबाई उठल्या. तोंडाला रुमाल लावून बाहेर गेल्या. खिडकीतून अंगणातला नळ दिसायचा. त्यांनी नळ सोडला आणि चूळ भरली. एकदा. पुन्हा एकदा.

आत्ताच ह्या बाईनं डोळे मिटून प्रभूचं रक्त म्हणून जे घेतलं होतं, ते ती थुंकत होती. माझे ओठ कधीतरी त्या काचेला लागले असतील, म्हणून. आमचा स्पर्श त्यांच्या देवापेक्षा मोठा होता. मला रडू आलं नाही. उलट डोकं एकदम थंड झालं.

पाळकसाहेबांनी खोलीत बोलावलं. "मुली, मंडळीची जाहीर क्षमा माग. नाहीतर तुला आणि तुझ्या आईला प्रभुभोजन मिळणार नाही."

"चूळ भरणाऱ्यांना मिळणार का?" मी विचारलं.

त्यांनी खिडकी लावून घेतली. मी म्हटलं, "क्षमा मागणार नाही."

आई रागावेल, म्हणेल पाया पड, असं वाटलं होतं. प्रभुभोजन हा तिचा जीव होता. वडील गेले त्या आठवड्यातसुद्धा तिनं ते चुकवलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. ती उठून बसली. 

"माफी मागायची न्हाई. पर चोरून कशापायी केलंस? ठिपके त्यांनी चोरून लावले. आपुन चोरून कशाला काढायचे?"

पुढच्या महिन्यात ती माझ्या आधी तयार झाली. देवळात गेली ती थेट पुढच्या बाकावर बसली. त्या बाकावरची माणसं उठून दुसरीकडे गेली. प्रभुभोजनाची वेळ आली, तशी ती सगळ्यांच्या आधी कठड्यापाशी गेली, मधोमध गुडघे टेकले. मी तिच्या शेजारी. पाळकसाहेब ट्रे घेऊन आले आणि आम्हाला ओलांडून पुढे गेले. आई उठली नाही. एकेक रांग आली, आमच्या डावी-उजवीकडे गुडघे टेकून गेली. शेवटची रांग गेल्यावर आई उठली.

दर महिन्याला हेच. तिचं झाडलोटीचं काम गेलं. ती मंडईबाहेर कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसायला लागली. पण प्रभुभोजनाचा रविवार तिनं सोडला नाही. पाळकसाहेबांची बदली झाली आणि नव्या पाळकांनी तिला पेला दिला, तोवर तिचे गुडघे कामातून गेले होते. पुढच्या बाकांवरच्या काही घराण्यांनी मंडळी बदलली. आमची माफी कुणी मागितली नाही.

वस्तीतली माझी मैत्रीण विहारात जाते. तिनं तेव्हा विचारलं होतं, "कशाला त्या लोकांत मरतेस? आमच्यात ये. ताठ मानेनं बसशील." तिचं चुकत नव्हतं. पण ख्रिस्त मला पंचांनी दिलेला नाही. तो आजोबांना महारवाड्यात भेटला. माझ्या बापाच्या सडलेल्या पाठीपाशी तो आईच्या गळ्यातून गात होता. तो मी ह्यांच्या ताब्यात देऊन का जाऊ?

आज लोक म्हणतात, आता ते सगळं कुठं राहिलंय? राहिलंय. माझ्या भाचीला स्थळ आलं. मुलाच्या आईनं फार गोड विचारलं, "आपलं मूळ कुठलं?" मी म्हटलं, "महारवाडा." पुन्हा फोन आला नाही.

मी वस्तीतल्या पोरांची रविवारची शाळा घेते. त्यांना पहिली गोष्ट विहिरीवरची सांगते, भांड्यासकट. पंचांच्या निवडणुकीला उभी राहते. पडते. पुन्हा उभी राहते. मला सोसायला सांगणारे पुष्कळ भेटले. सोसणं मी आईकडून शिकले, पण तिचं सोसणं म्हणजे गप्प बसणं नव्हतं. ह्या देवळात ख्रिस्ताचं नाव घेऊन जो कुणी जात पाळेल, त्याला मी सगळ्या मंडळीसमोर नाव घेऊन विचारणार. त्यांना माझ्या शेजारी बसवत नसेल तर दार उघडं आहे. जायचं त्यांनी जावं. मी उठणार नाही.