दोराचं मागचं टोक

माझ्या आकाराचा घराला आजवर दोनदाच उपयोग झाला. एकदा हुडको कॉलनीतल्या घरात कपाट चढवताना ते जिन्यात अडकलं तेव्हा, आणि एकदा हत्तिणीशी रस्सीखेच खेळायची होती तेव्हा.

छत्तीसगढ राज्य नवं नवं झालं होतं. सर्कशीत तेव्हा हत्ती असायचे. सुपेला बाजाराच्या पुढच्या मैदानात तंबू लागला आणि रिक्षावरचा भोंगा ओरडत फिरू लागला: आठ जणांनी मिळून हत्तिणीला रेषेच्या अलीकडे ओढून दाखवा. माझा साळा पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेनला बोजे बांधायचा. त्याची टोळी खात्याच्या स्पर्धेत रस्सीखेच जिंकलेली. नेमका त्यांचा सगळ्यात मागचा गडी तापानं झोपला, आणि साळ्याला मी आठवलो. मी स्टोअरमधला बाबू. माझं वजन तेवढं मैदानी.

"भाऊजी, तुमाले काईच करायचं नाई. मागं उभं राहाचं."

"अन् तिनं ओढलं त?"

"त बसून जाजा. तुमी बसले का मंग उठवाले क्रेनच लागते."

बायको खुदकन हसली आणि संक्रांतीचा उरलेला तिळाचा लाडू तिनं माझ्या शर्टाच्या खिशात टाकला. "दम लागला का खाजा," म्हणाली.

संध्याकाळच्या खेळाला तंबू भरला होता. हत्तीण म्हातारी होती, कानांच्या कडा फाटलेल्या. शिटी वाजेपर्यंत तिचा मागचा पाय साखळीनं खुंट्याला बांधलेला. तिच्या छातीच्या पट्ट्याला दोर होता, आणि त्या लांबलचक दोराच्या दुसऱ्या टोकाला मी. मागच्या गड्यानं दोर अंगाभोवती नुसता घ्यायचा असतो, गाठ मारायची नसते. पण माझ्या साळ्याचे हात बोजे बांधणारे. बोलता बोलता त्यानं माझ्या छातीवर त्याची नेहमीची गाठ आवळली, जितकं ओढावं तितकी घट्ट होणारी. मला ती गाठ फार व्यावसायिक वाटली.

शिटीच्या आधी दोर ताणला गेला आणि माझ्या फासळ्यांत काहीतरी घुमायला लागलं. आवाज नव्हता. बंद दाराआड मोठं यंत्र चालू असावं आणि ते कानाला न कळता हाडांना कळावं, तसं. पुढच्याला विचारलं, "तुले जानवून राहिलं का काई?" तो म्हणाला, "काय जानवून राहिलं? चूप राहा ना बाबूजी."

आणि जनरेटर बंद पडला.

मिट्ट काळोख. लोक किंचाळले, कोणीतरी ओरडलं, "हाथी छूट गया!" आमचे पैलवान दोर टाकून पळाले. त्यांचे पाय भुशावरून दूर जाताना मी ऐकले. मलाही पळायचं होतं. गाठ सुटेना. नखांनी ओढली तर आणखी आवळली. आता ही हत्तीण जिकडे धावेल तिकडे मी घासत जाणार, एवढंच डोक्यात होतं.

मग दोर सैल पडला. आपोआप, हळूहळू, त्याचा एकेक वेढा माझ्या पायांवर येऊन पडत होता. पावलं ऐकू येत नव्हती. ओल्या गवताचा ऊबदार वास तोंडावर आला. कपाळाला काहीतरी ओलं, खरखरीत लागलं, गालावरून खाली उतरलं, गाठीपाशी थांबलं. मी श्वास घेतला नाही. ती घुमघुम पुन्हा आली, आणि निघून गेली.

दिवे लागले तेव्हा हत्तीण आपल्या खुंट्याजवळ उभी होती. माहूत पायाशी बसलेला.

"वह यहां आई थी," मी म्हणालो.

"कैसे आएगी, बाबूजी? सांकल तो हमने खोली ही नहीं," तो म्हणाला. साखळी खरंच बांधलेली होती. जेमतेम वावभर, दोन पसरलेल्या हातांएवढी लांब असेल.

माइकवाला पुन्हा शिटीची तयारी करायला लागला. साळा धावत आला, "भाऊजी, पकडा पकडा!"

"आधी सोड मले."

"अवं पन लोकं पाहून राहिले..."

"पाहू दे. काप!"

गाठ त्यालाही सुटली नाही. शेवटी तंबूवाल्याच्या सुरीनं दोर कापला आणि न खेळताच आम्ही हरलो. लोकांनी मनसोक्त हुर्यो उडवली, त्यातली अर्धी माझ्या पोटाला होती. लाडू खायला खिशात हात घातला तर खिसा रिकामा, आतून ओला.

"भेवानं खाल्ला असन तुमीच," साळा म्हणाला. माझा इतिहास पाहता मला ठामपणे नाही म्हणता येईना.

बायको तंबूबाहेर थांबली होती. आम्ही सगळे एका रांगेत उभे असताना माहूत हत्तिणीला घेऊन समोरून निघाला. एकेकाला ओलांडत ती माझ्यापाशी आली आणि थांबली. सोंड वर आली, सरळ माझ्या खिशात गेली, आत चाचपून रिकामी बाहेर आली.

"ओळख दिसते तुमची," बायको म्हणाली. या वेळी ती हसली नाही.

फासळ्यांत पुन्हा ते घुमायला लागलं होतं, आणि आता माझ्या अंगावर दोर नव्हता.