सल्ला माझाच होता

सोमलिंगआप्पांना आयुष्यात कुणाला सल्ला द्यायचा नव्हता. ते धर्मापुरीच्या वाण्याच्या घरातले. थोरला भाऊ दुकान बघायचा, म्हणून यांना अंबाजोगाईला कॉलेजात शिकता आलं. बी.ए. झाल्यावर तिथल्याच खरेदी-विक्री संघात कारकून म्हणून चिकटले. अक्षर चांगलं, इंग्रजी कामापुरतं, स्वभाव गरीब. आलेला कागद जागेवर लावावा आणि संध्याकाळी वेळेत घरी जाऊन बायकोच्या, शिवम्माच्या, हातचा चहा प्यावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

ही अपेक्षा बहात्तरच्या दुष्काळात मोडली, आणि ती मोडली बबनरावांनी.

बबनराव संघाचे अध्यक्ष. सगळा तालुका त्यांना चेअरमन म्हणायचा, पण त्यांना स्वतःला 'अध्यक्ष' हाच शब्द आवडायचा. रोज सकाळी ऑफिसात येऊन ते पेपर मोठ्यानं वाचायचे. एके दिवशी त्यात आलं की अमेरिकेच्या अध्यक्षांना परराष्ट्राच्या कामाला वेगळा सल्लागार असतो, विज्ञानाला वेगळा आणि पेपरवाल्यांशी बोलायला आणखी वेगळा. बबनरावांनी पेपर खाली ठेवला आणि आप्पांकडे पाहिलं.

"आप्पा, आपल्याला कोण हाय?"

"कशाला?"

"सल्ला द्यायला."

"संचालक मंडळ हाय की."

"त्यांला काय कळतंय! आजपासून तुमी. तिन्ही खाती तुमच्याकडं."

"अध्यक्ष, मी कारकून हाय."

"असूद्या. बी.ए. तर झालाव ना?"

झालं. टेबल तेच, खुर्ची तीच, फक्त डोक्याला ताप नवा.

पहिला ताप परराष्ट्राचा. त्या वर्षी रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी वाटत होते, तिला लोक मिलो म्हणायचे. तिची भाकरी थापता थापता तुटायची. बायका गोदामापुढे उभ्या राहून संघाला शिव्या द्यायच्या. बबनरावांनी फर्मावलं, "अमेरिकेच्या वकिलातीला लिहा. म्हणावं, आपली मालदांडी ज्वारी पाठवा."

"अध्यक्ष, त्यांच्याकडं मालदांडी पिकत न्हाई."

"मग पेरा म्हणावं!"

आप्पांनी पत्र लिहिलं. लिहिताना आपली आपल्यालाच लाज वाटत होती, असं ते पुढे सांगायचे. उत्तर येणार नव्हतंच. पण बबनराव भर मीटिंगमध्ये विचारायचे, "आप्पा, अमेरिका काय म्हणायली?" आणि सगळे संचालक आप्पांच्या तोंडाकडे बघायचे.

मग विज्ञान. विमानातून ढगांवर मीठ टाकलं की पाऊस पडतो, हे बबनरावांनी कुठंतरी ऐकलं. विमान मिळणार नाही हे त्यांना मान्य होतं. म्हणून संघाच्या गोदामातलं मीठ डोंगरावर नेऊन जाळायचं, म्हणजे त्याचा धूर ढगात जाईल, असं ठरलं. आप्पांनी हात जोडले. "अध्यक्ष, मिठाचा धूर जायचा कशात? वर ढगच न्हाईत." बबनराव खिडकीशी गेले, आभाळाकडे बघितलं आणि म्हणाले, "हे तुमी आदी कावून सांगितलं न्हाई?" तोवर मिठाची पोती डोंगराच्या पायथ्याला जाऊन पडली होती.

आणि पेपरवाले म्हणजे सुंदरराव. अंबाजोगाईत त्यांचं साप्ताहिक निघायचं. माणूस सायकलवर सगळा तालुका फिरायचा, लिहायचाही बरा. पण बबनराव त्यांना घडलेल्या गोष्टी सांगायचेच नाहीत, घडणार असलेल्या सांगायचे. त्या घडल्या नाहीत की सुंदरराव आप्पांच्या टेबलापुढे येऊन बसायचे आणि आप्पा त्यांना चहा पाजून गप्प करायचे. शिवम्मा म्हणायची, "तुमी घरी येताव ते निसतं शरीर येतंय." आप्पा नुसता चहाचा कप उचलायचे. उत्तर द्यायचं म्हणजे पुन्हा बोलायचं.

अशात उन्हाळ्यात बोअरची गाडी आली.

एका परदेशी मदत संस्थेनं ती पाठवली होती. खडक फोडणारं मोठं यंत्र. सोबत एक उंच गोरा साहेब, आणि पाण्याची जागा दाखवायला भूगर्भशास्त्र शिकलेला तरुण अधिकारी, अर्जुनराव गित्ते. गाडी बबनरावांच्या गावी आधी गेली, कारण तिथल्या सगळ्या विहिरी आटल्या होत्या आणि बायका रोज दुसऱ्या गावाच्या शिवारातून पाणी आणत होत्या.

गित्ते दिवसभर शिवार फिरला. खडक बघितला, आटलेल्या विहिरींत उतरला, आणि ओढ्यापलीकडच्या एका पडीक तुकड्यावर खूण केली. आप्पांनी ती जागा ओळखली. तो तुकडा गहिनीनाथाचा होता. गहिनीनाथ संघाच्या मागच्या निवडणुकीत बबनरावांच्या विरोधात उभा राहिला होता आणि थोडक्यात पडला होता.

बबनराव खूण बघायलाही गेले नाहीत. "बोअर आपल्या गावच्या गोदामापुढं पडंल," ते म्हणाले. "संघाच्या जागेत. पाटी लागंल, लोकांला दिसंल."

"गोदामाखाली पाणी न्हाई म्हणायलेत गित्तेसाहेब," आप्पा म्हणाले.

"गित्तेसाहेब? परळीकडचं पोरगं ते. त्याच्या बापाला वळखतो मी. बैलं राखायचा. त्याला काय जमिनीखालचं दिसायलंय?"

"अध्यक्ष, तो शिकलाय त्याच्यासाठी."

"आप्पा, तुमी माझे सल्लागार हाव का त्याचे?"

आप्पांनी त्या दिवशी तीनदा सांगून बघितलं. एकदा समजावून, एकदा विनवून, आणि शेवटी चक्क आवाज चढवून. ते कधी आवाज चढवत नसत, त्यामुळे बबनरावांना मजा वाटली. गित्तेनंही साहेबाला सांगितलं. साहेब कंटाळला होता. गावचा पुढारी म्हणतो तिथं एक बोअर घेऊ, नाही लागलं तर बघू, असं तो इंग्रजीत म्हणाला. आप्पांनी त्याचं भाषांतर केलं. बबनरावांनी त्यातलं पहिलंच वाक्य ऐकलं आणि सुंदररावांना बोलावून घेतलं. त्या आठवड्याच्या अंकात पहिल्या पानावर छापून आलं, 'अध्यक्षांच्या प्रयत्नांना यश, गोदामापुढे गंगा'. तेव्हा यंत्र गोदामापुढे उभंसुद्धा राहिलं नव्हतं.

बोअर सुरू झाली त्या दिवशी सगळं गाव गोळा झालं. बायका घागरी घेऊनच आल्या. यंत्राच्या आवाजात कुणाचं बोलणं ऐकू येत नव्हतं, आणि भोकातून पांढरा धुरळा उसळून गोदामावर, माणसांवर, बबनरावांच्या फेट्यावर बसत होता. दुपार झाली, ऊन कलायला लागलं, तरी धुरळाच. साहेबानं हात वर केला आणि यंत्र थांबलं.

खडी फोडायच्या कामावरून तशीच आलेली दगडाबाई नावाची म्हातारी पुढे आली. तिनं भोकात वाकून बघितलं आणि म्हणाली, "ह्यात तर पीठ हाय गं!" कुणी हसलं नाही. बायकांनी घागरी उचलल्या.

बबनरावांनी आप्पांना गोदामाच्या आडोशाला ओढलं. त्यांचा चेहरा धुरळ्यानं पांढरा झाला होता. "सुंदरराव आलाय. त्याला सांगा, गित्तेनं जागा चुकीची दाखवली. छापून आणा. न्हाईतर उद्या गहिनीनाथ माझ्या तोंडाला काळं फासंल."

"गित्तेनं ही जागा दाखवलीच न्हाई!"

"ते तुमाला ठाऊक, मला ठाऊक. जावा."

आप्पा बाहेर आले. गित्ते साहेबाजवळ उभा होता आणि दोघं हलक्या आवाजात बोलत होते. आप्पांनी ऐकलं. पुढचा तालुका गाडीची वाट बघत होता. इथं माणसं एकमेकांवर ढकलायला लागली, गित्तेवर बालंट आलं, तर साहेब उद्या सकाळी गाडी हलवणार होता. भांडणाच्या गावात त्याला थांबायचं नव्हतं. ओढ्यापलीकडची खूण तशीच राहणार होती.

सुंदरराव वही काढून पुढे आले. "बोला सल्लागारसाहेब. जागा कुणी दाखवली?"

आप्पांनी एकदा घागरी घेऊन परत निघालेल्या बायकांकडे बघितलं. मग म्हणाले, "मी."

"तुम्ही?"

"मी. गित्तेसाहेबांनी पलीकडची जागा सांगितली होती. मीच अध्यक्षांना म्हणालो, गोदामापुढं घ्या. सल्ला माझाच होता. लिहा."

"आप्पा, तुम्हाला यातलं काय कळतं?"

"काहीच कळत न्हाई. तेही लिहा."

सुंदररावांनी लिहिलं. आप्पा तसेच साहेबाकडे गेले, इंग्रजीत माफी मागितली, चूक आपली आहे आणि गावात कुणाचं कुणाशी भांडण नाही असं सांगितलं. दोन्ही खोटं होतं, दुसरं तर सपशेल. साहेबानं गित्तेकडे बघितलं आणि गाडी ओढ्यापलीकडे घ्यायला सांगितलं. आता बबनरावांना नाही म्हणता येईना. नाही म्हणावं तर सल्लागारानं स्वतःवर घेतलेलं खापर परत त्यांच्याच डोक्यावर फुटलं असतं.

दुसऱ्या दिवशी गहिनीनाथाच्या पडीक तुकड्यात पाणी लागलं. आधी गढूळ, मग स्वच्छ. दगडाबाईनं ओंजळीनं प्यायलं आणि डोक्यावर ओतून घेतलं.

आप्पा ते बघायला नव्हते. ते अंबाजोगाईला ऑफिसात बसून लोकांची बोलणी खात होते. सुंदररावांचा अंक निघाला आणि त्यांना बाजारातून चालणं मुश्कील झालं. पानवाल्यापासून कॉलेजच्या प्राध्यापकांपर्यंत सगळे विचारायचे, "आप्पा, आमच्या अंगणात बोअर घ्यावी म्हणतो, जागा दाखवता का?" धर्मापुरीहून भाऊ बसनं आला आणि म्हणाला, "घराण्याचं नाव पेपरात आणलंस, तेही असं!" शिवम्मा चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "खरं काय ते मला तरी सांगायचं हुतं." आप्पांनी सांगितलं. ती म्हणाली, "मग आता राजीनामा देऊन मोकळं व्हा."

आप्पांनी राजीनामा लिहिला आणि बबनरावांपुढे ठेवला. बबनरावांचे डोळे भरून आले.

"आप्पा, तुमी मला वाचवलं. सख्ख्या भावानं केलं नसतं."

"अध्यक्ष, मी तुमच्यासाठी केलं न्हाई. गाडी थांबावी म्हून केलं."

"हेच! वर श्रेय बी घेत न्हाई माणूस!" बबनरावांनी राजीनामा फाडला, आणि पुढच्या सभेत आप्पांना कायमचे सल्लागार करण्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर करून घेतला. आप्पा उठून म्हणाले, मला नको. लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

अशी दोन वर्षं गेली. मग निवडणूक झाली आणि बबनराव पडले. गहिनीनाथ अध्यक्ष झाला. आप्पांना पहिल्यांदा हलकं वाटलं. त्यांनी कपाट आवरलं, चावी टेबलावर ठेवली. तेवढ्यात गहिनीनाथानं आत बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला.

"आप्पा, तुमी जायचं न्हाई."

"कावून?"

"गित्तेसाहेबानं मला समदं सांगितलंय. बबनरावासारख्या माणसाची चूक तुमी सवताच्या अंगावर घेतली. मला असाच सल्लागार पायजे. माझ्या बी चुका हुतील की."

चहा येण्याआधीच आप्पा उठले आणि बाहेर पडले. शिवम्मानं तोवर तलवाड्यात राहणाऱ्या आपल्या मावसभावाकडून निरोप आणून ठेवला होता. तिथल्या शाळेत मास्तर हवा होता. महिन्याभरात ते तिकडे राहायला गेले.

तलवाड्यात आप्पा इतिहास शिकवायचे, आणि मुलं सांगतात, छान शिकवायचे. हेडमास्तर भला माणूस. पण मीटिंगमध्ये त्यांना सवय होती, सगळ्यांचं बोलून झालं की कोपऱ्यात वळून विचारायची, "आप्पा, तुमचं काय मत?"

"मला मत न्हाई," आप्पा म्हणायचे, आणि खडू घेऊन वर्गावर निघून जायचे.