चार मिनिटांत निकालात निघालेला भेदभाव

मंडळी, आज ऑफिसात तमाशा झाला. लिहिल्याशिवाय राहवत नाही.

इथं आखातात आमच्या बस कंपनीत विलासराव म्हणून ड्रायव्हर आहेत, साताऱ्याकडचे. नवीन बस एका फिलिपिनो ड्रायव्हरला मिळाली, म्हणून यांनी "मी इंडियन, म्हणून डावललं" अशी तक्रार ठोकली. इंग्रजी अर्ज मीच लिहून दिला. आपला माणूस ना!

सकाळी दोघं कंपनीच्या तक्रार समितीपुढे गेलो. समितीच्या मॅडमनी पुरावा मागितला. विलासरावांनी ड्रायव्हरांच्या ग्रुपवरचं अख्खं चॅट छापून आणलेलं, न वाचता. त्यात इंडियन लोकांविरुद्ध चकार शब्द नाही. होता तो विलासरावांचाच मेसेज: "इनचार्जसाहब, नेपाली को नई गाडी मत देना, उससे संभलती नहीं."

मॅडमनी तो मोठ्यानं वाचला आणि फाईल मिटली. "खलास." चार मिनिटं लागली.

बाहेर येऊन हे महाशय म्हणतात, "बघितलंत? इथंपण भेदभाव!" कीवसुद्धा येईना.

दारात थापा उभा होता. मेसेजमधला नेपाळी तोच. वर्षानुवर्षं त्याच्या वाट्याला एसी बंद पडलेली खटारा गाडीच येते. म्हणाला, "भाईसाब, अब मेरा भी लिख दोगे?"

रमजानमध्येही त्यानं हेच विचारलं होतं. मी "टाइम नहीं है" म्हणून वाटेला लावलं होतं. विलासरावांचा अर्ज मात्र जेवण सोडून लिहिला.

विलासरावांना खुशाल हसा. समितीनं त्यांना चार मिनिटांत ओळखलं. मला ओळखायला किती लागली असती?