कुलपातली हाडं

व्हेटर्नरीचा अभ्यास कसा केला म्हणून कुणी विचारलं की त्याला वाटतं, आता हा पहाटे उठायचं सांगंल, रंगीत पेनांचं सांगंल, एखादं अ‍ॅप सांगंल. अ‍ॅपचं सांगतोच, कारण त्यानंच मला बुडवलं. पर खरी गोष्ट एका कपाटाची हाय, अन् ते आठवलं की अजून डोकं सणकतं.

परभणीत पयल्या वर्षाला अ‍ॅनाटॉमी. म्हंजे जनावराचं हाड हातात घ्यायचं अन् सांगायचं, कशाचं, कुठलं, डावं का उजवं. हाडं होती की. कपाटभर होती, पांढरीफेक, नंबर टाकलेली. अन् कपाटाला कुलूप. कामून? तर मागं कुण्या पोरानं बैलाची कवटी हॉस्टेलला नेली अन् शिंगावर बनियन वाळत घातलं. बनियन त्याचं, शिक्षा आमाला.

कपाट उघडायचं ते फक्त प्रॅक्टिकलच्या दिवशी. एक टेबल, भवताली सगळी बॅच, अन् उंच पोरं पुढं. मी त्या वर्षी हाडांपेक्षा पाठी जास्त पाहिल्या.

लायब्ररीतलं पुस्तक रूमवर न्यायचं न्हाई. तिथंच बसून वाचावं तर पुढच्या पायाचं पान कुणीतरी ब्लेडनं कापलेलं. सीनियरच्या नोट्स म्हंजे झेरॉक्सची झेरॉक्स, पाय कुठला अन् शाईचा डाग कुठला कळंना. म्हणून मोबाइलवर एक फुकटचं अ‍ॅप घेतलं. बोटानं हाड गरगर फिरायचं. फक्त ते बाहेरदेशातलं, अन् त्यात समदी घोड्याची हाडं. मी म्हणलं, खांदा तो खांदा.

तोंडी परीक्षेत सरांनी गाईच्या खांद्याचं हाड हातात दिलं. त्या हाडाच्या उभ्या धारेला खाली एक टोक असतं. घोड्याच्या हाडाला ते नसतं. मी टोक पाहिलं अन् छाती काढून सांगितलं, "सर, ह्या जनावराला रोग हाय. हाड वाढलंय."

नापास. फेरपरीक्षा पंधरा दिवसांनी. तिच्यात उडालो की वर्ष गेलं, अन् तिकडं पूर्णेला रेल्वे क्वार्टरच्या अख्ख्या लाइनीत वडलांनी मला आधीच डॉक्टर करून टाकलेलं.

कपाटाची चावी विभागातल्या मामांकडं. मामा म्हंजे तिथले अटेंडंट, रिटायरला आलेले. त्यांना मागितली तर म्हणले, सरांनी सांगितल्याबिगर न्हाई. सरांकडं गेलो. सर आधी घसा खाकरतात, मग म्हणतात "असं बघा". असं बघा, अर्ज करा. अर्ज केला तर क्लार्क म्हणला, ह्यावर सरांची सही पायजे. सर म्हणले, उद्या. ह्या उद्यात चार दिवस गेले. शिकायला आलेल्या पोरानं हाड पाहायला एवढ्या सह्या? मेलेल्या म्हशीला तरी कुठं कुणी विचारलं होतं?

मला शाळेपासून आवाज काढायची खोड. हेडमास्तर काढायचो, स्टेशनवरची अनाउन्समेंट काढायचो. विभागात मामांच्या स्टुलापाशी जुना फोन हाय, त्याच्यावर नंबर दिसत न्हाई. मी मोबाइलवरनं त्याच्यावर फोन लावला. घसा खाकरला. "असं बघा, पोरांना कपाट उघडून द्या. रोज."

मामा "हो सर" म्हणले. उठून उभे राहून म्हणले आसतील, तसा आवाज आला.

दुसऱ्या दिवसापास्नं आमी फेरपरीक्षेवाले चौघं रोज दुपारी हाडात. अन् तिथं कळलं, त्यातली निम्मी हाडं मामांनीच उकळून, खरवडून, उन्हात वाळवून तयार केलेली. समदी तोंडपाठ. खांद्याचं हाड मपल्या हातात देऊन म्हणले, वाटी खाली, धार बाहेर, लहान खड्डा जनावराच्या तोंडाकडं, आता तुपल्याच खांद्याला लावून बघ. एका मिनिटात डावं-उजवं कळलं. अ‍ॅपमधी दोन महिने घातले होते मी. वरून मामा आमाला चहा पाजायचे.

फेरपरीक्षेत धडाधड सांगत गेलो. सर खूश. कुठं शिकलास म्हणून विचारलं, अन् मी येड्यासारखं खरं सांगितलं, मामांनी शिकवलं, रोज कपाट उघडून. सरांनी मामांना बोलवलं. मामा म्हणले, सर, तुमीच फोन केला होता की.

सरांनी माझ्याकडं पाहिलं. माझं तोंडच सांगत होतं. मला स्टाफरूममधी नेलं, समद्यांपुढं तो आवाज काढायला लावला. मास्तर लोकं पोट धरून हसली. सर म्हणले, असं बघा, पुन्हा करू नका. पास केलं, सोडून दिलं. अन् मामांना मेमो. लेखी परवानगीबिगर कपाट उघडलं म्हणून. हसायचं त्यांनी, पास व्हायचं मी, अन् खुलासा द्यायचा मामांनी. मी सरांना जाऊन म्हणलो, चूक माझी हाय. ते म्हणले, नियम हाय.

मग मामांकडं गेलो, मान खाली घालून. ते हाडं मोजून कपाटात लावायले होते. वळलेसुदिक न्हाईत.

"सरांची माफी मागितलीस. मला कवा सांगितलंस? रोज माझ्यासमोर बसून चहा पेलास, तवा जीभ झडली होती का? एकदा विचारलंस, मी न्हाई म्हणलो. दुसऱ्या खेपंला यायचं होतं, तिसऱ्या खेपंला यायचं होतं, पाय धरून बसायचं होतं. मी काय दगड हाय का? पर तुला मी दिसलोच न्हाई, तुला निस्ती चावी दिसली. इतकी वर्षं नोकरी केली, फायलीत तक्रारीचा एक कागद न्हाई माझ्या. पयला तू लावलास. नीघ आता, अन् जाताना दार लावून घे."